बोर्ड, ग्रिम्सबी

दाराशेजारच्या काचेत पुठ्ठा:
राहणं आणि बोर्ड, आठवड्याला साडेचार पौंड.
मी विचारलं, कसलं बोर्ड?
मला वाटलं, आत परीक्षा घेतात.

एनिड थर्कल हसल्या नाहीत.
हात पुसत थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या
आणि टेबलावर थाप मारली. "हे."
म्हणजे सकाळी हेरिंग, रात्री बटाटे,
रविवारी मटण, ब्रेड मागाल तितका.
फळीचंच जेवण झालं होतं इथे,
जसं आपण म्हणतो दोन ताटं संपवली
आणि ताट मात्र घासायला तसंच उरतं.

पूर्वी म्हणे टेबल नसायचंच.
दोन घोड्यांवर आडवी फळी,
जेवणं झाली की ती भिंतीला टेकवायची
आणि त्याच जागी अंथरूण.
कपांची वेगळी फळी, म्हणून कपबोर्ड.
उघडी होती तोवर ठीक होतं,
पुढे तिला दारं आली, कुलूप आलं.
एनिडबाईंच्या कपबोर्डात एकही कप नाही.
मेणबत्त्या, शिवणाचा डबा,
आणि एका माणसाचे बूट,
दर महिन्याला तेल लावलेले.

जुगाऱ्याचे हात फळीच्या वर दिसायला हवेत,
म्हणून सचोटीला इथे फळीच्या वरचं म्हणतात.
हे मला खालच्या खोलीतल्या सिड ब्लँचर्डनं सांगितलं,
पत्ते पिसता पिसता.
त्या रात्री मी अकरा शिलिंग हरलो.

मंगळवारी गोदीवर ट्रॉलर कंपनीचं बोर्ड बसतं.
फळीभोवती बसता बसता
माणसंच फळी झाली.
मला नवल वाटायचं कारण नव्हतं:
आमच्याकडे दोघे जण पॅड बांधून मैदानात उतरले
की सलामीची फळी उतरते.

त्या बोर्डाचं पत्र एनिडबाईंनी मला एकदाच दाखवलं,
इस्त्री करताना, कॉलर उलटी करत.
बोर्डास कळवण्यास खेद होतो की
आपले पती हॅरल्ड थर्कल हे
दिनांक नऊ रोजी पहाटे ओव्हरबोर्ड...

एका वाक्यात दोन बोर्डं.
पहिलं ओकचं, पॉलिश केलेलं, त्यावर पाण्याचे तांबे.
दुसरं नुसती जहाजाची कड,
वीतभर रुंद, बर्फानं बुळबुळीत.
मुळात हे दोन वेगळे शब्द होते,
फळी निराळी, कड निराळी,
उच्चार जुळला म्हणून एकमेकांत मिसळले.
सिडची बहीण सांगते, ती शाळेत शिकवते.

एनिडबाईंना व्युत्पत्ती नको होती.
त्यांनी बोर्डाला इतकंच विचारलं होतं:
पगार कुठल्या तारखेपर्यंत धरलात?
उत्तर आलं, नऊ.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये
सिडनं त्यांना विचारलं.
टेबलाशी बसून, दोन्ही हात वर ठेवून,
बोटं पसरलेली, दिसतील अशी.
मी उगाच किटलीजवळ उभा.
बाहेर पडावं तर दार त्यांच्या मागे.

आणि डोक्यात माझाच एक शब्द येऊन बसला: पाट.
तोही लाकडाचाच, चार बोटं उंच, जेवायला बसायचा.
आणि विधवेनं पुन्हा संसार मांडला
की गाव म्हणायचं, पाट लावला.
कुणी हे थट्टेनं म्हणायचं, कुणी खाली मान घालून.
इंग्रजीत सांगायला गेलो असतो
तर फर्निचरच झालं असतं त्याचं.
मी किटलीत पाणी भरलं. ती आधीच भरलेली होती.

एनिडबाई काही बोलल्या नाहीत.
उठल्या. कपबोर्ड उघडलं.
या किनाऱ्यावर बूट टेबलावर ठेवत नाहीत,
कोळ्याच्या घरात तर नाहीच,
लेकरानं ठेवले तरी थप्पड बसते.
त्यांनी ठेवले. दोन्ही,
मिठाच्या बाटलीशेजारी,
सिडच्या हातांच्या बरोबर मधे.

"नऊ नंबर," म्हणाल्या,
"घालून बघ. चावतात का ते सांग."